बर्फ वितळताना तळघरात येणारे पाणी: मोठा पंप बसवावा, भिंती रंगवाव्यात की बाहेरून खणावे?

तळघरवासी यांचा प्रश्न

नमस्कार. आमचे घर बैठे असून त्याच्याखाली घराएवढेच, म्हणजे सुमारे ९० चौरस मीटरचे तळघर आहे. भिंती काँक्रीटच्या आहेत, खाली साधा कोबा आहे आणि एका कोपऱ्यात खड्डा करून त्यात पाणी उपसणारा पंप बसवलेला आहे. ऐन थंडीत तळघर कोरडे असते. परंतु हिवाळा सरून बर्फ वितळू लागला आणि त्याच सुमारास एखादा मोठा पाऊस झाला, की दरवर्षी दोन-तीन दिवस तिथे पाणी भरते. गेल्या वसंतात पहाटे खाली उतरलो, तेव्हा कोब्यावर सुमारे ३ सेंटिमीटर पाणी होते. कपाटाशेजारचा पुठ्ठ्याचा खोका घाईने उचलला, तर वरचा भाग हातात आला आणि तळ, आतल्या वह्या-छायाचित्रांसकट, पाण्यातच राहिला. त्यांतली बरीच छायाचित्रे एकमेकांना चिकटली, ती अजून सुटलेली नाहीत.

या वर्षी बर्फ वितळायला अजून काही आठवडे आहेत. मला आतापर्यंत तीन सल्ले मिळाले आहेत आणि तिन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. एक ठेकेदार म्हणतो की भिंतींना आतून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात द्यावेत. दुसऱ्याच्या मते पंप लहान पडतो, दुप्पट क्षमतेचा घ्यावा. तिसरा घराभोवती पायापर्यंत चर खणून बाहेरून वॉटरप्रूफिंग करायला सांगतो, आणि तो खर्च आम्हाला या वर्षी झेपणारा नाही. पंप मात्र त्या रात्री चालू होता, हे मी स्वतः ऐकले आहे. सुरुवात कुठून करावी?

पाणसळ यांचा प्रतिसाद

बांधकामाच्या कामात बरीच वर्षे काढल्यामुळे एक गोष्ट आधी विचारतो: पाणी आले ते कुठून आले, हे आपण पाहिले आहे का? आपल्याला मिळालेले तिन्ही सल्ले कोणत्या ना कोणत्या घरासाठी बरोबर आहेत. पण पाण्याची वाट ठाऊक नसताना त्यांपैकी कोणताही स्वीकारणे म्हणजे नाडी न पाहता औषध देण्यासारखे आहे.

पाणी भिंतीच्या उभ्या भेगेतून ओघळते आहे, की भिंत आणि कोबा जिथे मिळतात त्या सांध्यातून पाझरते आहे, की खिडकीच्या चौकटीखालून उतरते आहे, की कोब्यातल्या निचऱ्याच्या जाळीतून वर येते आहे, हे चार प्रकार वेगळे आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत. भिंत कोरडी असतानाही खुणा दिसतात. पांढरी, मिठासारखी भुकटी जिथे साचली आहे तिथून पाणी काँक्रीटमधले क्षार घेऊन आत आले आणि वाळून गेले, असे समजावे. भिंतीचा ओलसरपणा बाहेरचा आहे की हवेतल्या बाष्पाचा, हे कळण्यासाठी अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा आणि दोन दिवसांनी काढावा. फॉइलच्या मागची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येत आहे. पुढच्या बाजूवर थेंब असतील तर ते बाष्प आहे आणि त्याला वॉटरप्रूफिंगची नव्हे, तर हवा कोरडी ठेवण्याची गरज आहे.

आता थोडा हिशेब करू, कारण तो केल्यावर चित्र पुष्कळ स्पष्ट होते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आपल्या छताचा विस्तार, पागोळ्यांचा भाग धरून, ११० चौरस मीटर मानला तर २५ मिलिमीटर पावसात छतावरून २,७५० लिटर पाणी उतरते. आपल्या तळघरात साचलेले ३ सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे २,७०० लिटर. त्या रात्रीचे पाणी छतावरचेच होते, असा याचा अर्थ नाही. पण एका पावसात छतावरून उतरणारे पाणी पन्हळीतून खाली येऊन भिंतीच्या बुडाशीच सोडले जात असेल, तर तळघर भरायला दुसरे काही लागत नाही, एवढे मात्र यातून दिसते.

बर्फाचा हिशेब याहून फसवा असतो. ताजा भुसभुशीत बर्फ १० सेंटिमीटर असेल तर त्याचे पाणी साधारण १ सेंटिमीटर होते. परंतु हिवाळाभर दबून राहिलेल्या जुन्या बर्फात त्याच्या तिप्पट-चौपट पाणी असते. आपल्या घराच्या परिमितीवर दीड मीटर रुंदीचा पट्टा धरला तर तो सुमारे ६६ चौरस मीटर भरतो. त्यावर ३० सेंटिमीटर जुना बर्फ असेल, तर एकट्या त्या पट्ट्यात जवळपास ६,००० लिटर पाणी गोठून बसलेले असते. वरचा बर्फ वितळतो तेव्हा खालची माती अजून गोठलेलीच असते, त्यामुळे पाणी सरळ जिरत नाही, उतार मिळेल तिकडे जाते. भिंतीलगतची माती मात्र तळघराच्या उबेमुळे आधी सैल होते, आणि मग सगळे पाणी तिथेच वाट काढते.

त्यात भर म्हणजे घर बांधताना पायाभोवती जो खड्डा घेतलेला असतो, तो नंतर सैल मातीने भरलेला असतो. हा भराव वर्षानुवर्षे बसत जातो आणि घराभोवती एक उथळ परात तयार होते. बाहेर उभे राहून ती डोळ्यांना दिसत नाही. दोन खुंट्या, एक दोरी आणि पाणसळ घेऊन मोजावे. भिंतीपासून पहिल्या ३ मीटरमध्ये जमीन किमान १५ सेंटिमीटरने उतरलेली असावी. मी मोजलेल्या जुन्या घरांपैकी बहुतेकांच्या किमान एका बाजूला उतार उलटा, म्हणजे भिंतीकडे, निघाला आहे.

आतून रंग लावण्याविषयी स्पष्टच सांगतो. भिंतीबाहेरच्या मातीत पाणी २ मीटर उंचीपर्यंत चढले, तर भिंतीच्या बुडाशी दर चौरस मीटरला सुमारे २ टन दाब येतो. तो दाब बाहेरून आत ढकलत असतो, आणि रंगाचा थर आतल्या बाजूने नुसता चिकटलेला असतो. किरकोळ ओल तो काही काळ लपवतो. पाणी दाबाने येऊ लागले की त्याचे फुगे येतात आणि पोपडे पडतात. शिवाय भिंत आणि कोबा यांच्या सांध्यावर त्याचा काही उपयोग होत नाही.

तेव्हा छत, पन्हळी, उतार आणि बर्फ हे चार विषय आधी पाहावेत. यांतले बरेचसे काम फावडे, घमेले आणि दोन सुट्ट्यांमध्ये होते. खणकामाचा विचार त्यानंतरही पाणी आले तरच करावा.

रात्रपाळी यांचा प्रतिसाद

पाणसळ यांचे म्हणणे पटते, पण प्रश्नातल्या एका वाक्यावर मी अडलो आहे. ‘पंप चालू होता, हे मी स्वतः ऐकले आहे.’ पंप चालू असणे आणि पाणी बाहेर जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी एका रात्रीत शिकलो.

आमच्या घरी पंपाचा पाइप भिंतीतून बाहेर काढून जमिनीवरून लांब नेलेला होता. दिवसा बर्फ वितळायचा आणि रात्री पुन्हा गोठायचा. एका रात्री बाहेरच्या पाइपात उरलेले पाणी गोठून त्याचा दट्ट्या झाला. मोटर गुरगुरत होती, पाइप थरथरत होता, आणि खड्ड्यातले पाणी मात्र बोटबोट वर चढत होते. शेवटी भिंतीच्या आतल्या बाजूचा जोड सोडवून, त्याला बागेची नळी बांधून ती खिडकीतून बाहेर काढली, तेव्हा पाणी उतरले. तेव्हापासून बाहेरच्या पाइपाला सलग उतार दिला आहे, म्हणजे पंप थांबला की त्यात पाणी उरत नाही. आणि भिंतीच्या बाहेर लगेच एक उघडी फट ठेवली आहे, म्हणजे पुढचा पाइप गोठला तरी पाणी निदान तिथून बाहेर पडेल. ते भिंतीजवळच पडते, हे खरे; पण तळघरात पडण्यापेक्षा बरे.

पंपाची परीक्षा बर्फ वितळण्याआधी घ्यावी. खड्ड्यात बादलीभर पाणी हळूहळू ओतावे आणि चार गोष्टी पाहाव्यात. फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर येऊन पंप सुरू करणारा तरंगता भाग, अडथळ्याविना वर येतो का; तो वायरीत किंवा खड्ड्याच्या कडेला अडकणे हा सर्वांत सामान्य दोष आहे. पंप आपोआप सुरू होतो का आणि पाणी संपल्यावर बंद होतो का. बंद झाल्यावर पाइपातले पाणी खळखळत परत खड्ड्यात येते का. येत असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, गेलेला आहे किंवा उलटा बसवलेला आहे, त्यावरचा बाण पाण्याच्या जाण्याच्या दिशेने हवा. आणि चौथी, बाहेर जाऊन पाहावे की पाणी खरोखर किती लांब पडते आहे. पुष्कळ घरांत ते भिंतीपासून हातभर अंतरावर पडते, तिथून मातीत मुरते आणि पुन्हा त्याच खड्ड्यात येते. असा पंप तेच पाणी रात्रभर फिरवत बसतो.

एक बारीक गोष्ट. पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या पाइपाला खड्ड्याच्या आत साधारण ३ मिलिमीटरचे छिद्र असते. पंप चालू असताना त्यातून पिचकारी उडते. ती गळती समजून अनेक जण, आणि त्यांत मीही होतो, त्यावर चिकटपट्टी गुंडाळतात. ते छिद्र अडकलेली हवा बाहेर जाण्यासाठी असते. बंद केले तर पंप हवेत फिरत राहतो आणि पाणी उचलत नाही.

पंप लहान आहे की नाही, तेही मोजता येते. पाणी येत असताना पंप एक मिनिट बंद ठेवावा आणि खड्ड्यातली पातळी किती चढली ते मोजपट्टीने पाहावे. खड्डा ४५ सेंटिमीटर व्यासाचा असेल तर दर १ सेंटिमीटरला सुमारे १.६ लिटर पाणी होते. मिनिटाला १० सेंटिमीटर चढले तर आवक मिनिटाला १६ लिटर, म्हणजे तासाला हजार लिटरच्या आत आहे, आणि एवढे पाणी चांगल्या स्थितीतला लहान घरगुती पंपही उपसतो. नवा घ्यायचाच झाला, तर डब्यावरचा मोठा आकडा पाहू नये. आपल्याला पाणी जितक्या उंचीवर चढवायचे आहे त्या उंचीला पंप किती पाणी देतो, तो आकडा पाहावा.

ज्या वादळाने पाणी येते, तेच वीजही घालवते. म्हणून दुप्पट क्षमतेच्या पंपापेक्षा बॅटरीवर चालणारा दुसरा, लहान पंप मी अधिक उपयोगी मानतो. घरच्या इन्व्हर्टरवर मुख्य पंप चालवायचा विचार असेल तर आधी चालवून पाहावा; मोटर सुरू होताना चालू असतानाच्या कित्येक पट करंट ओढते आणि लहान इन्व्हर्टर तिथेच बंद पडतो.

चुनखडी यांचा प्रतिसाद

वर पाणसळ यांनी निचऱ्याच्या जाळीचा उल्लेख ओझरता केला आहे, त्यावर थोडे लिहिते. बर्फ वितळण्याच्या दिवसांत सार्वजनिक गटारांवर ताण येतो आणि मैलापाणी उलट्या दिशेने घराच्या पाइपात चढू शकते. अशा वेळी भिंती कोरड्या असतात आणि पाणी जाळीतून, तळघरातल्या शौचालयातून किंवा कपडे धुण्याच्या जागेतून येते. त्याआधी शौचालयात बुडबुड्यांचा आवाज येऊ लागतो. आमच्याकडे हा आवाज दोन दिवस येत होता आणि आम्ही तो वाऱ्याचा समजलो.

यावर उपाय म्हणजे घराच्या मुख्य ड्रेनेज पाइपावर बसवायचा, उलटे पाणी आले की आपोआप मिटणारा झडपेचा व्हॉल्व्ह. तो परवानाधारक प्लंबरकडूनच बसवून घ्यावा आणि वर्षातून एकदा तरी उघडून त्यातला गाळ काढावा, कारण झडपेखाली चिंधी अडकली की ती पूर्ण मिटत नाही. एक गोष्ट लोक विसरतात: ही झडप मिटलेली असताना आपले पाणीही बाहेर जात नाही. त्या काळात वरच्या मजल्यावर कपड्यांचे यंत्र लावले, तर आपल्याच धुण्याचे पाणी आपल्या तळघरात येते.

तळघरातल्या खड्ड्याचा पंप मैलापाण्याच्या पाइपाला जोडू नये. अनेक ठिकाणी त्याला बंदी आहे, आणि ती नसली तरी ऐन गर्दीच्या वेळी आपणच त्या पाइपावरचा भार वाढवत असतो.

तळघरवासी यांचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. शनिवार-रविवारी सांगितल्याप्रमाणे पाहणी केली, तिचा निकाल लिहितो.

जाळी कोरडी आहे आणि तिच्याभोवती डाग नाहीत, त्यामुळे मैलापाण्याची शंका तूर्त बाजूला ठेवली आहे. पांढरी भुकटी केवळ ईशान्य कोपऱ्यात आहे, भिंत आणि कोब्याच्या सांध्याला लागून सुमारे दोन मीटर. शिवाय त्याच कोपऱ्यात खिडकीच्या खालच्या टोकापासून निघालेली एक केसाएवढी उभी भेग आहे, जी मी आजवर रंगाचा ओघळ समजत होतो. फॉइल तिथे मागून ओले निघाले, इतर दोन ठिकाणी कोरडे.

बाहेरचे दृश्य मला थोडे लाजवणारे आहे. त्या कोपऱ्यावर पन्हळीचा उभा पाइप भिंतीपासून ३० सेंटिमीटरवर संपतो. बर्फ बाजूला सारून दोरी लावली, तर त्या बाजूची जमीन ३ मीटरमध्ये ४ सेंटिमीटरने भिंतीकडेच उतरते. तिथे आम्हीच हौसेने विटांची किनार लावून फुलांचा वाफा केला होता, आणि ती किनार पाणी बाहेर जाऊ देत नाही. पंपाचा पाइपही त्याच वाफ्यात सोडलेला आहे. हिवाळ्यात वाहनाच्या वाटेवरचा बर्फ आम्ही नेमका त्याच कोपऱ्यात ढकलतो, कारण तिथे कोणाचा पाय पडत नाही.

बादलीची परीक्षा पंपाने दिली, परंतु थांबल्यावर पाइपातले पाणी परत येते. व्हॉल्व्ह बदलून घेत आहे. आता दोन प्रश्न उरले आहेत. भेग आत्ता बुजवावी की नंतर? आणि हे सारे करूनही पाणी आलेच, तर ते लगेच उपसून टाकावे ना?

पाणसळ यांचा प्रतिसाद

पाहणी उत्तम केली आहे. छतावरचे, बर्फाचे आणि पंपाचे असे तिन्ही पाणी एकाच कोपऱ्यात जमत असेल, तर तिथेच पाझर असावा यात नवल नाही.

या आठवड्यात करण्यासारखे एवढेच: त्या कोपऱ्यातला बर्फ भिंतीपासून किमान दीड मीटर दूर, उताराच्या बाजूला टाकावा. पन्हळीच्या पाइपाला तात्पुरते लवचीक नळकांडे जोडून तोंड भिंतीपासून २ ते ३ मीटरवर न्यावे. पंपाच्या पाइपाचे तोंडही तसेच लांब न्यावे, पण दोन्ही तोंडे शेजाऱ्याच्या कुंपणाकडे वळवू नयेत. विटांची किनार दोन ठिकाणी फोडावी. तळघराच्या खिडकीबाहेर जमिनीत जो हौदासारखा खड्डा असतो, त्यातली पाने काढावीत आणि त्यावर पारदर्शक झाकण टाकावे.

मातीचे काम जमीन पूर्ण सुटल्यावर करावे. गोठलेल्या ढेकळांचा भराव पुन्हा बसतो. भराव चिकणमातीचा घालून थराथराने ठोकावा. वाळू किंवा खडी भिंतीलगत वरून पसरली तर नीटनेटकी दिसते, पण तिच्यातून पाणी थेट खाली जाते. मातीची पातळी बाहेरच्या लाकडी किंवा पत्र्याच्या आवरणापासून १५ सेंटिमीटर तरी खाली राहील, हे पाहावे, नाहीतर तळघर सुकेल आणि वरची भिंत कुजेल.

भेगेबद्दल: केसाएवढी, उभी आणि वाढत नसलेली भेग आतून पॉलियुरेथेन इंजेक्शनने भरता येते. हे रसायन पाण्याशी संयोग होऊन फुगते, त्यामुळे भेग ओलसर असली तरी चालते. इपॉक्सीला मात्र भेग कोरडी लागते. तोपर्यंत भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडव्या रेघा मारून तारीख लिहावी. भेग रेघेपलीकडे गेली, तिरपी पसरली किंवा भिंत आत फुगल्यासारखी वाटली, तर इंजेक्शन थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र सावध करतो. ३ सेंटिमीटर पाणी खुशाल उपसावे. पण तळघर गुडघ्याच्या वर भरले असेल आणि बाहेरची माती पाण्याने चिंब असेल, तर सगळे पाणी एकदम काढू नये. आतले पाणी बाहेरच्या दाबाला काही अंशी टेकू देत असते. ते काढले की भिंत आत ढकलली जाऊ शकते. अशा वेळी दिवसाला साधारण एक तृतीयांश काढावे, भिंतीवर पातळीची खूण करावी आणि रात्रीतून ती पुन्हा वर चढली तर बाहेरचे पाणी ओसरेपर्यंत थांबावे.

रात्रपाळी यांचा प्रतिसाद

हे मला ठाऊक नव्हते, मी एकदा घाईने उपसले होते. यात एवढेच जोडतो की पाणी प्लगच्या उंचीपर्यंत किंवा कोणत्याही विजेच्या उपकरणापर्यंत पोचले असेल, तर त्यात उतरूच नये. ब्रेकरची पेटी तळघरातच असेल तर पाण्यात उभे राहून ती बंद करायला जाऊ नये. वीज कंपनीकडून बाहेरून पुरवठा तोडून घ्यावा. पाणी ओसरल्यावर भिजलेले गालिचे, गाद्या आणि पुठ्ठे त्याच दिवशी बाहेर काढावेत, कारण २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते.

तळघरवासी यांचा प्रतिसाद

आमची ब्रेकरची पेटी जिन्याच्या वरच्या टोकाला आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. आज दुपारी कोपऱ्यातला बर्फ हलवला, किनार फोडली आणि नळकांडे जोडले. संध्याकाळी ऊन उतरताना छतावरचे पाणी त्यातून वाहत होते आणि वाफ्याच्या पलीकडे, भिंतीपासून पावणेतीन मीटरवर पडत होते. भेगेच्या दोन्ही टोकांना रेघा मारून आजची तारीख लिहिली आहे. उरलेले खोके फळीवर चढवले. पुठ्ठ्याचे होते, ते प्लास्टिकचे केले.